शब्द विचारणाऱ्या साळूची हकीकत

एक रान होतं. रानाला राजा होता, राजाला मेव्हणा होता, आणि बाकीच्यांना भूक होती.

राजा म्हटला की सिंह, असं लहान मुलांना वाटतं. आपण मोठे आहोत, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. राजा गवा होता. नाव रणधवल. अंगाने टेकडीएवढा आणि रीतसर निवडून आलेला. निवडणुकीत त्याने एकच वचन दिलं होतं, की आपण राजा होऊ, आणि ते त्याने पाळलं. सगळे त्याला सरकार म्हणत.

सरकारांना एक खोड होती. रानात जे काही होई ते आपणच केलं, असं ते सांगत. मोहाला फुलं आली, मी आणली. वारा सुटला, मीच सोडला. एकदा एका लावीने आठ अंडी घातली, तेव्हा त्यातली सहा आपल्या धोरणामुळे आली असं सरकारांनी भर सभेत जाहीर केलं. लाव बिचारी पुढच्या रांगेत बसून मान डोलावत होती. तिला वाटलं, असेलही.

रानाच्या मध्यावर एका कड्याखाली कोठार होतं. मोहाची सुकवलेली फुलं, चारोळ्या, कंद, रानातल्या नाना बिया असं सगळं दरवर्षी सगळ्यांनी मिळून तिथे भरायचं आणि वैशाखात, जेव्हा रानात चावायला दगड तेवढे उरतात, तेव्हा घराघराने आपला वाटा न्यायचा. त्या दारावर सगुणा नावाची काटेरी साळू राखणदार होती.

सगुणा दारावर आली त्याला कारण होतं. पूर्वी एका वैशाखात कोठार उघडलं, तर आत तीन बिब्बे आणि एक मेलेलं वटवाघूळ निघालं. वर्षभर जो येईल त्याने थोडं थोडं नेलं होतं, आणि कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं. सगुणाचा नवरा भिवा त्या दारासमोर चार दिवस वाट बघत बसला आणि पाचव्या दिवशी तिथेच आडवा झाला. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. या दारासमोर वैशाखात पुन्हा कुणी आडवं पडायचं नाही.

म्हणून तिने रीत घालून दिली. प्रत्येक घराने आपला शब्द ठरवायचा. तो आल्यावर तिच्या कानात सांगायचा, दुसऱ्या कुणाला नाही, सख्ख्या भावालाही नाही. शब्द बरोबर आला की दाराशेजारच्या ओल्या मातीत पाय ठेवायचा. शब्द चोरता येतो, पाय चोरता येत नाही, असं तिचं म्हणणं. शिवाय सगळ्या मालाचा चौथा हिस्सा ओढ्यापलीकडच्या ऐनाच्या झाडाच्या ढोलीत ठेवायचा, म्हणजे कोठाराला काही झालंच तर रान अगदीच उपाशी मरणार नाही. लोकांना हा सगळा जाच वाटे. पण सलग सहा वैशाख कुणी मेलं नाही, त्यामुळे ते कुरकुरत का होईना शब्द सांगत.

एके दिवशी सरकारांचे मेव्हणे झुंजारराव चार मित्रांना घेऊन कोठारावर आले. झुंजाररावही गवाच, फक्त कामधंदा नसलेला.

"दार उघड," झुंजारराव म्हणाले.

"शब्द?" सगुणा म्हणाली.

"अगं, मी आहे."

"व्हय, दाजी. शब्द सांगा, अन् मातीत पाय ठेवा."

"तू मला ओळखत नाहीस?"

"वळखते की. पर दार वळखीवर उघडत न्हाई."

मागचे चारही मित्र हसले. तिथेच सगळं बिनसलं. कारण या रानात मोठेपणाची एकच खूण होती. ज्याला कुठेही काही विचारलं जात नाही, तो मोठा. झुंजाररावांना आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं, अगदी कसे आहात एवढंही नाही. ते तसेच माघारी फिरले आणि थेट बहिणीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सभा भरली.

"माझ्या लाडक्या शेपटीवाल्यांनो!" सरकार म्हणाले. "ज्या रानात माझ्या मेव्हण्याला शब्द विचारला जातो, ते रान सुरक्षित आहे असं मी कोणत्या तोंडाने सांगू?"

प्रचंड टाळ्या पडल्या. सरकारांचा चिटणीस एक उदमांजर होता. अंगाला नेहमी छान वास, आणि शेपटीत नेहमी कागद. त्याने हुकूम वाचून दाखवला. यापुढे मान्यवरांना शब्द विचारणं हा रानाचा अपमान समजला जाईल. तसंच मान्यवरांचे पाय मळतात, सबब दाराशेजारची ओली माती हटवण्यात येत आहे. मान्यवरांची यादी सोबत जोडली आहे.

सकाळी यादीत सात नावं होती. दिवस मावळेपर्यंत चाळीस झाली. महिन्याभरात ती तीनशेवर गेली, आणि मग 'मान्यवरांच्या ओळखीचे' अशी एक पुरवणी निघाली. तिला मात्र मर्यादा नव्हती.

"समदं खरं," सगुणा चिटणिसाला म्हणाली. "पर समोर आलेला मान्यवर हाय का न्हाई, हे म्या कसं जाणायचं?"

"सोपं आहे," चिटणीस म्हणाला. "तो विचारेल, मला ओळखत नाहीस? त्यावरून ओळखायचं."

आणि असल्या नाजूक कामाला जाणता हवा म्हणून झुंजाररावांनाच मुख्य द्वारपाल नेमण्यात आलं. सगुणाला काढलं नाही, कारण दार उघडायला आणि लावायला कुणीतरी लागतंच.

पुढे शेजारच्या एका रानात मोठी चोरी झाली. तिकडची पाखरं इकडे येऊन सांगू लागली आणि लहान जनावरांत कुजबुज सुरू झाली, की आपलं कोठार तरी धड आहे का? सरकारांना कुजबुज आवडत नसे. त्यांनी ताबडतोब 'सुरक्षित रान सप्ताह' जाहीर केला.

सप्ताह फार थाटात झाला. रोज सकाळी मिरवणूक, मग शपथ, मग भाषण, मग जेवण. "शब्द जपा, रान जपा!" अशा घोषणा देऊन पोपटांचे घसे बसले. कोठाराच्या मागच्या भिंतीला एक भगदाड पडलं होतं. सगुणा ते तीन महिने बुजवून मागत होती. सप्ताहात ते काम एकदाचं झालं. भगदाडावर 'आपलं कोठार, अभेद्य कोठार' असा मोठा फलक लावला गेला, सरकारांच्या चित्रासकट.

मग चिटणिसाच्या डोक्यात आलं की सगळ्यांचे शब्द मजबूत आहेत की कच्चे, हे सरकारने तपासायला हवं. घराघरातून शब्द गोळा झाले. एक गोष्ट सांगितली पाहिजे, की या रानातल्या जनावरांना दोन शब्द लक्षात ठेवणं जड जाई. म्हणून जो शब्द कोठाराला, तोच ते घरालाही वापरत. घरातलं कुणी बाहेरून आलं की दाराबाहेर शब्द बोले आणि आतलं कुणीतरी दारावरचा दगड सरकवी. तपासणीत असं दिसलं की निम्म्या रानाचा शब्द 'सरकार' होता आणि उरलेल्या बहुतेकांचा 'एकदोनतीन'. चिटणिसाने सगळ्यांच्या नावांपुढे त्यांचे शब्द लिहून ती यादी मोठ्या वडाला टांगली. हरकती आणि सूचनांसाठी सात दिवस.

सगुणाने कपाळावर पंजा मारून घेतला. "अवो चिटणीस, यादी टांगल्यावर त्याला शब्द कसं म्हणायचं?"

"पारदर्शकता," चिटणीस म्हणाला. त्या एका शब्दाने या रानात पुष्कळ दारं बंद होत.

सगुणाचा सोडला, तर सगळ्या रानात एकाच घराचा शब्द खरोखर पक्का निघाला. चिंधू नावाच्या सशाचा. तो त्याला सगुणानेच शिकवला होता. साधासुधा नको, लांबलचक हवा, दुसऱ्याच्या डोक्यात यायचा नाही असा हवा, पण तुला हसू येऊन आठवेल असा कर, असं ती म्हणाली होती. चिंधूने तसा केला. सप्ताहाच्या अखेरीस त्याला 'उत्कृष्ट शब्द पुरस्कार' जाहीर झाला.

"चिंधू, वर जा, शाल घे, पर तोंड उघडू नगंस," सगुणाने त्याला अडवून सांगितलं.

"आक्का, आयुष्यात पयल्यांदा कुणी बोलावलंय गं," चिंधू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

व्यासपीठावर सरकारांनी त्याला स्वतः शाल घातली आणि म्हणाले, "चिंधूराव, या रानाला तुमच्या शब्दाचा अभिमान आहे. जरा सगळ्यांना ऐकवा!" चिंधूने छाती फुगवली आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "उलट्या कासवाच्या पोटावर साडेतीन करवंदं!" रान टाळ्यांनी दुमदुमलं. हा शब्द आपल्याच मार्गदर्शनाखाली तयार झाला, असं सरकारांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागला, त्यावर चिंधूचा फोटो, खाली त्याचा शब्द आणि त्याखाली पाच शुभेच्छुक.

सप्ताहातल्या जेवणावळींना माल कुठून आला, हे सगुणाला शेवटच्या पंगतीला कळलं. ऐनाची ढोली रिकामी झाली होती. ती धावत चिटणिसाकडे गेली.

"तो राखीव माल हुता! वैशाखात कोठाराला काय झालं, तर काय खायाचं?"

"बाई," चिटणीस शांतपणे म्हणाला, "दोन ठिकाणी माल ठेवणं म्हणजे पहिल्या ठिकाणावर अविश्वास. आणि पहिल्या ठिकाणावर चित्र कुणाचं आहे?"

सगुणा माघारी फिरली. संतापाने तिचे काटे उभे राहिले होते, पण काटे उभे राहणं हाही आता गुन्ह्यांच्या यादीत होता.

नदीपल्याड तरसांची एक टोळी होती. त्यांच्याकडे दात होते, झोळ्या होत्या आणि भृंगराज नावाचा एक काळा पक्षी होता. हा पक्षी ज्याचा आवाज एकदा ऐकेल त्याचा हुबेहूब काढून दाखवतो. सरकारांचा आवाज ऐकायला तर त्याला नदीसुद्धा ओलांडावी लागली नव्हती.

चैत्र संपता संपता, एका रणरणत्या दुपारी, कोठारासमोरच्या घाणेरीच्या जाळीतून आवाज आला. "झुंजार, मी बोलतोय."

झुंजारराव सावलीत पेंगत होते. "कोण ते?"

"मला ओळखत नाहीस?"

झुंजारराव ताडकन उठले. जन्मभर जो प्रश्न त्यांनी दुसऱ्यांना विचारला, तो त्यांना आज पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. "सरकार! चुकलो, सरकार!"

"नदीपल्याडचे पाहुणे यायचेत. त्यांना माल दाखवायचाय. माझे कार्यकर्ते येतायत, सगळं बाहेर काढून त्यांच्या हवाली कर. ताबडतोब. आणि कुणाला बोलू नकोस. कुणी शंका काढली, तर त्याचं नाव लिहून ठेव."

"दाजी, थांबा," सगुणा हळूच म्हणाली. "सरकार त्या जाळीत कशाला बसतील? अंग तरी मावंल का?"

"सरकार कुठेही मावतात."

"शब्द तरी इचारा."

"सरकारांना शब्द? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"मग मी पळत जाऊन त्यास्नीच इचारून येते. चिखलात बसले असतील यावेळी. एक चक्कर, दाजी. तंवर दार उघडू नका."

"सरकारांनी सांगितलं ते खरं का, हे सरकारांनाच विचारणार?" झुंजाररावांना यातला मूर्खपणा इतका उघड दिसत होता की ते हसलेच. तेवढ्यात तरस आले. प्रत्येकाच्या गळ्यात सरकारांच्या चित्राचा बिल्ला होता. ते बिल्ले सप्ताहात फुकट वाटले होते आणि रानात वाटेल तिथे पडलेले सापडत. पण झुंजाररावांनी बिल्ला पाहिला आणि त्यांचा उरलासुरला प्रश्न मिटला.

सगुणा पळत सुटली. साळू पळताना फार देखणी दिसत नाही. काटे खडखडतात, धाप लागते, पोट जमिनीला घासतं. पण तिच्या डोळ्यांपुढे भिवा दिसत होता, त्या दारासमोर कुशीवर पडलेला, आणि ती पळत राहिली.

सरकार खरोखरच डबक्यात चिखल घेत पडले होते. काठावर चिटणीस पंखा धरून उभा. "भेटीची वेळ घेतली आहे का?" त्याने विचारलं. सगुणा त्याच्या पंख्याखालून पुढे गेली.

"सरकार, कोठाराचं दार उघडाया तुमी सांगितलंसा का? एवढंच सांगा. व्हय का न्हाई!"

सरकारांनी एक डोळा उघडला. त्यांना दाराबद्दल काहीही ठाऊक नव्हतं. त्यांनी चिटणिसाकडे पाहिलं. चिटणिसाने खांदे उडवले. 'नाही' म्हणावं, तर रानात आपल्याला ठाऊक नसलेलं काहीतरी घडतंय असं कबूल केल्यासारखं झालं असतं. असं सरकारांनी कधी केलं नव्हतं.

"अर्थातच," सरकार म्हणाले. "मीच सांगितलं. या रानात दुसरं कोण सांगतं?"

सगुणाचा जीव भांड्यात पडला. आपणच उगाच घाबरलो, असं म्हणत ती चालत चालत परत आली. कोठाराचं दार सताड उघडं होतं. आत झाडून घेतल्यासारखी स्वच्छ जमीन होती. झुंजारराव उंबऱ्यावर उभे राहून नदीकडे बघत होते.

"फार शिस्तीची पोरं होती," ते म्हणाले. "पण पाहुणे अजून आले नाहीत."

माती ओली असती, तर कुणाचे पाय होते ते तरी कळलं असतं. सगुणा कोरड्या जमिनीवर बसली आणि रडली.

दुसऱ्या दिवशी सभा भरली, कारण सगळं रान कोठारासमोर जमलं होतं आणि घरी जायला तयार नव्हतं. आता सरकारांपुढे दोनच वाटा होत्या. आपण फसलो असं सांगायचं, किंवा आपणच केलं असं सांगायचं. यातली पहिली वाट त्यांना दिसलीच नाही.

"लाडक्या शेपटीवाल्यांनो! कोठार मोकळं करण्याचा ऐतिहासिक निर्णय मीच घेतला आहे! साठवून ठेवणं ही भित्र्यांची सवय. आपण भित्रे आहोत का?"

"नाही!" रान ओरडलं.

"मोकळं कोठार, मोकळं मन!" चिटणिसाने घोषणा दिली. रानाने ती तीनदा दिली. तिसऱ्यांदा आवाज जरा खाली आला होता, कारण काहींना भूक आठवली.

"मग माल कुठं हाय?" सगुणाने उभं राहून विचारलं.

"योग्य ठिकाणी," चिटणीस म्हणाला.

"कंच्या ठिकाणी?"

"ते सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येणार नाही."

"बरं, चोरी न्हाई झाली," सगुणा म्हणाली. आता ती सगळ्यांकडे वळली होती. "पर ज्यांनी माल नेला त्यांनी वडावरली यादीबी पाहिली असंल. घरात जे काय थोडं हाय तेवढ्यावर वैशाख काढायचाय. आजच्या आज घरचे शब्द बदला. हात जोडते."

सरकार गरजले. शब्द बदलणं म्हणजे चोरी झाली असं मानणं. चोरी झाली असं मानणं म्हणजे सरकार खोटं बोलतं असं म्हणणं. तेव्हा जो शब्द बदलेल तो अफवाखोर. सगुणाला दारावरून कमी करण्यात आलं. तसंही आता दारामागे राखायला काही नव्हतं.

ती गप्प बसणारी नव्हती. घरोघर फिरली. दार वाजवायची आणि सांगायची, शब्द बदला, कंदांचे दोन ढीग करा, एक दुसरीकडे पुरा, आणि बाहेरून कुणाचाही आवाज आला तरी शब्दाशिवाय दगड सरकवू नका. बहुतेकांनी दारं लावून घेतली. घोरपडीने 'सरकार' हा शब्द बदलून दुसरा घ्यायला साफ नकार दिला, उद्या कुणी विचारलं तर काय सांगू म्हणे. अकरा घरांनी ऐकलं. तेही तिची कटकट संपावी म्हणून.

चिंधूकडे ती दोनदा गेली.

"आक्का, फलकावर हाय माझा शब्द," चिंधू म्हणाला. "बदलला तर पुरस्कार खोटा न्हाई का पडणार? शाल परत मागतील."

तरस चार दिवसांनी आले, घरोघरचे कर्ते खाणं शोधायला रानात गेले असताना. हातात यादी, खांद्यावर भृंगराज, चार दिवस झाडांत बसून घरोघरचे आवाज टिपलेला. एकेका दारासमोर थांबायचे. पक्षी त्या घरच्या कर्त्याचा आवाज काढायचा, यादीतला शब्द बोलायचा, आणि आतून दगड सरकायचा. चिंधूच्या दाराबाहेर चिंधूच्याच आवाजात करवंदांसकट सगळा शब्द आला. त्याच्या बायकोने दार उघडलं. ती शब्दावर इतकी खूश होती की तिने पाणीसुद्धा विचारलं.

सगुणाच्या दाराबाहेर मात्र खुद्द सरकारांचा आवाज आला. "दार उघड. मला ओळखत नाहीस?"

"शब्द?" आतून सगुणा म्हणाली.

बाहेर कागद सळसळला. मग वडावरच्या यादीतला तिचा जुना शब्द आला.

"तो कवाच बदलला," सगुणा म्हणाली आणि दगडाला पाठ लावून बसली. बराच वेळ खुडबुड झाली. मग पावलं दूर गेली. तिच्यामागे तिचे कंद होते, वैशाख निघेल एवढे. भिवा गेल्यापासून इतकं निवांत तिला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं रान रडत कोठारासमोर आलं. या खेपेला चोरी नाही असं म्हणता येईना, कारण गेलेला माल मतदारांच्या घरातला होता. सरकारांनी चिटणिसाला चौकशी करायला सांगितलं आणि चिटणिसाने ती बसल्या जागी केली.

"रानातली सगळी घरं लुटली गेली," तो म्हणाला. "फक्त बारा सोडून. प्रश्न असा आहे, की चोरांनी नेमकी हीच बारा घरं का सोडली?"

सभेत खळबळ उडाली. हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता.

"शब्द बदलले म्हणून!" सगुणा ओरडली.

"म्हणजे शब्द बदलल्याची कबुली आहे," चिटणिसाने टिपून घेतलं. "कुणी बदलायला लावले?"

तेव्हा चिंधू उठला. पोटात काही नव्हतं, पण अंगावर शाल होती. "सगुणाक्का आधीपास्नं सांगत हुती, चोर येणार म्हणून," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कपट नव्हतं. त्याला खरंच कोडं पडलं होतं. "दोनदा माझ्या घरी आली. तिला कसं ठावं हुतं?"

सगुणाने त्याच्याकडे पाहिलं. बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं. पण ज्याची पोरं सकाळपासून उपाशी आहेत त्याला ती काय बोलणार? रानभर एकच ओरडा झाला. "धरा तिला! धरा त्या बारा जणांना!" सगळ्यात मोठ्याने घोरपड ओरडत होती.

त्या दिवशी दुपारी बारा घरांची झडती झाली. सगुणाचे दोन्ही ढीग सापडले, दुसरा पुरलेला असूनही, कारण तो पुरायला ज्याने मदत केली होती त्याच शेजाऱ्याने जागा दाखवली. चोरीचा माल सरकारांनी अवघ्या काही तासांत परत मिळवला, अशी दवंडी फिरली. मालाचा मोठा भाग पुराव्यादाखल झुंजाररावांच्या घरी ठेवण्यात आला. बाकीच्याच्या पळसाच्या पानात पुड्या बांधल्या आणि प्रत्येक पुडीवर सरकारांचं चित्र चिकटवलं. निवडणूक दोन आठवड्यांवर होती.

पुड्या वाटायला कोठारासमोर मांडव घातला. रांग ओढ्यापर्यंत गेली. पुडीत एक कंद आणि पाच चारोळ्या निघत. घेणारा पुडी कपाळाला लावी आणि सरकारांचा जयजयकार करून पुढे सरके. चिंधू तर हुंदके देत होता. इतकं दिलं, इतकं दिलं, असं तो ज्याला त्याला सांगत होता.

बारा आरोपींनाही रांगेत उभं केलं होतं. सरकारचं मन मोठं आहे, हे दिसायला हवं होतं. सगुणाची पाळी आली. तिने पुडी उघडली. आतल्या कंदावर तिच्याच दातांची खूण होती, गेल्या पौषात उकरताना पडलेली. ती त्या कंदाकडे बघत उभी राहिली. रांग खोळंबली.

चिटणीस पुढे झाला आणि तिच्या कानाशी अगदी सभ्यपणे म्हणाला, "बाई, आभार जरा मोठ्याने माना. मागच्यांना ऐकू जात नाही."